छत्रीचं टोक

माझ्या गाडीच्या दाराला नानांनी भोक पाडलं. नाना म्हणतात, ते होतंच, मी फक्त उघडलं.

२००७ सालची मारुती ८००, त्यात रत्नागिरीची खारी हवा. दाराखाली रंग फुगून वाटाण्याएवढा फोड आला होता. रविवारी पॉलिश पेपर आणि रेड ऑक्साईडचा डबा घेऊन उकिडवा बसलो, तर मागे नाना.

"काय रे?"

"गंज."

"बघू." त्यांनी छत्रीचं टोक फोडावर टेकवलं. टेकवलं आणि दाबलं. कर्रकन चार बोटं छत्री आत!

"आत काहीच नाही रे!" जणू मी दारात सोनं दडवलं होतं.

"नाना, काढा ती."

"थांब, अडकल्ये." मग त्यांनी ती गोल फिरवली. वाटाण्याचा रुपया झाला. छत्री निघाली आणि मागोमाग तपकिरी पाण्याची धार.

"बघ, निचरा झाला! आता आमसुलं चोळ. आमची ही तांब्याच्या घंगाळाला चोळते. लख्ख!"

"नाना, हा लोखंडी पत्रा आहे. याला वेगळं औषध असतं, फॉस्फोरिक ॲसिडचं."

"म्हणजे आंबटच ना?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. त्याचाच राग अजून गेलेला नाही.

पण ते पाणी आलं कुठून? काचेच्या रबरातून पावसाचं पाणी दारात उतरतंच. ते निथळायला खालच्या कडेला बारीक भोकं असतात. दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजवाल्याने ती रंगाने बुजवली. कुजका पत्रा कापून नवा तुकडा जोडायचा, तर त्याने गंजावरच लांबी, म्हणजे पुट्टी, थापली. लांबी ओल धरते, गंज आतल्या आत पोसला जातो. चार हजार मोजून मी दाराची विहीर करून घेतली होती. वर बिलावर 'अँटी-रस्ट' असं ठसठशीत लिहिलेलं. ते बिल मी जपून ठेवलंय, कशासाठी ते माहीत नाही. आणि मीही शहाणा, भर पावसात भिजल्या गाडीवर कव्हर घालून तिला वाफवत होतो.

आता पत्रा कापणं आलं, वेल्डिंग आलं. हे मी पुटपुटत असताना नाना माझ्याच फडक्याला छत्रीचं टोक पुसत होते.

"रेड ऑक्साईड उरला तर आमच्या गेटलाही एक हात मार रे."