सरकारी अधिकाऱ्याला एमबीए कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

सरकारी अधिकाऱ्यांनी व्यवस्थापनाची पदवी घ्यावी, या लेखावर तुम्ही वेळ काढून लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचे आक्षेप तीन आहेत. सरकार ही कंपनी नाही आणि नागरिक हा ग्राहक नाही. प्रशिक्षणासाठी यशदासारखी (राज्य सरकारची पुण्यातली प्रशासकीय प्रशिक्षण संस्था) संस्था असताना वेगळी पदवी कशाला? आणि लोकांच्या पैशाने शिकून ही मंडळी शेवटी खासगी कंपनीतच जातात. पहिल्या आक्षेपातलं तत्त्व मला पूर्ण मान्य आहे, पण त्यावरून तुम्ही काढलेला निष्कर्ष पटत नाही.

नगरपालिकेचा पाणीपुरवठा घ्या. ७५ किलोवॉट वीज घेणारा पंप रोज २० तास चालतो असं धरू. वर्षाला साधारण साडेपाच लाख युनिट, युनिटला ७ रुपये धरले तर ३८ लाखांचं बिल. निविदेत दोन पंप आलेत. एकाची कार्यक्षमता ७० टक्के, दुसऱ्याची ७८ टक्के, पण दुसरा ३ लाखांनी महाग. तेवढंच पाणी तेवढ्याच उंचीवर चढवायला पहिल्याला ७५ किलोवॉट लागतात, दुसऱ्याला ६७ पुरतात. म्हणजे वर्षाला ५६ हजार युनिट, ३ लाख ९० हजार रुपये वाचले. जादा मोजलेले पैसे दहा महिन्यांच्या आत वसूल झाले. दहा वर्षांची बचत १० टक्के दराने आजच्या किमतीत आणली (म्हणजे पुढे मिळणारा रुपया आजच्या रुपयापेक्षा कमी मोलाचा धरला) तर ती २४ लाखांच्या घरात जाते.

तरीही एल-वन, म्हणजे सर्वांत कमी बोलीचा, म्हणून स्वस्त पंपच येतो, आणि त्यात कोणी पैसे खाल्लेले असतातच असं नाही. चूक निविदा उघडताना होत नाही, ती निविदा लिहितानाच झालेली असते. पंप दिवसाला किती तास चालणार, वीजदर काय धरायचा, पुढच्या वर्षांतला खर्च आजच्या किमतीत कोणत्या दराने आणायचा, चाचणीत कार्यक्षमता कमी भरली तर प्रत्येक टक्क्याला किती दंड, हे सगळं आधीच निविदेत लिहावं लागतं. ते न लिहिता महाग पंप निवडला तर लेखाआक्षेप येणार, आणि तो रास्तच असेल. अभियंत्याला पंप कळतो, लेखापालाला नियम कळतात. ही आकडेमोड मात्र दोघांच्या मधल्या फटीत पडून राहते, आणि सही असते मुख्याधिकाऱ्याची. एमबीएत वित्त विषयाच्या पहिल्याच सत्रात हे शिकवतात.

रक्कम मोठी झाली की फटही मोठी होते. जून २०१७ मध्ये पुणे महापालिकेने समान पाणीपुरवठा योजनेसाठी २०० कोटींचे कर्जरोखे (बॉण्ड) काढले. मुदत दहा वर्षं, व्याज ७.५९ टक्के. म्हणजे वर्षाला १५ कोटी १८ लाख, दिवसाला चार लाखांहून अधिक व्याज. केंद्राकडून २६ कोटींचं प्रोत्साहन अनुदान मिळालं, ही जमेची बाजू. पण कामाच्या निविदा रद्द करून नव्याने काढाव्या लागल्या आणि तोवर पैसा बँकेत ठेवीत राहिला. बँकेचं कर्ज कामाच्या टप्प्याप्रमाणे उचलता येतं. रोख्यांचा पैसा एकदम हातात येतो आणि त्याच दिवशी व्याज सुरू होतं. ठेवीवर साडेसहा टक्के मिळाले असं धरलं, तरी दोनशे कोटींवर वर्षाला दोन कोटींवर तूट येते. म्हणून कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करायचा आदेश) आणि रोखेविक्री यांच्या तारखा जुळवणं ही निव्वळ कारकुनी बाब नाही. सल्लागार आणि मर्चंट बँकर (रोखेविक्रीची व्यवस्था पाहणारे) समोर बसलेले असताना ‘कामाआधी पैसा का उचलायचा?’ हा प्रश्न अधिकाऱ्याला विचारता आला पाहिजे. उत्तरादाखल एक्सेलचे तक्ते पुढे आले, तर तेही वाचता आले पाहिजेत.

आता नागरिक आणि ग्राहक. ग्राहक दुसऱ्या दुकानात जाऊ शकतो, नागरिकाला दुसरी नगरपालिका नसते. नुसता नफा-तोटा पाहिला तर डोंगरावरच्या वस्तीला पाणी द्यायलाच नको आणि आडमार्गाची एसटी बंदच करावी, असं उत्तर येईल. ते उत्तर चुकीचं आहे, यावर आपलं दुमत नाही. पण सवलत द्यायची ठरल्यावर तिचा हिशेब कोणी ठेवायचा? एसटीत ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्म्या भाड्यात प्रवास आहे. निर्णय चांगले आहेत. राहिलेलं भाडं शासनाने महामंडळाला भरून द्यायचं असतं. ती रक्कम जितकी उशिरा येईल तितकं खेळतं भांडवल, म्हणजे रोजच्या खर्चाचा पैसा, अडकतं. डिझेलचे पैसे रोजच्या रोज लागतात, पगाराची तारीख हलत नाही, मग सुट्या भागांची खरेदी लांबते आणि गाड्या आगारात उभ्या राहतात. प्रवाशाला दिलेली सवलत अशी प्रवाशाच्याच मुळावर येते. ती टिकवायची असेल तर शासनाकडचं येणं किती दिवसांनी वसूल होतं, हे मोजणारा माणूस मंत्रालयातही हवा आणि महामंडळातही. हा माणूस मला सवलतीच्या बाजूचा वाटतो.

यशदाबद्दल मला आदर आहे. पण काही दिवसांच्या अभ्यासवर्गात खरेदीचे नियम, सेवानियम, नव्या योजना एवढं बसतं. भांडवलाचा खर्च, करारातली जोखमीची वाटणी, रोख प्रवाहाचं गणित हे हात बसेपर्यंत सोडवावं लागतं, त्याला महिने जातात.

तिसऱ्या आक्षेपाकडे येतो. केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम, १९७२ मध्ये अध्ययन रजेसाठी साधारण पाच वर्षांची सेवा लागते. एका वेळी सहसा १२ महिने आणि संपूर्ण सेवेत २४ महिने मिळतात. भारतात शिकताना रजावेतन मिळतं, पण शुल्क सहसा अधिकाऱ्याच्याच खिशातून जातं. सरकारने प्रायोजित केलेले मोजके अभ्यासक्रम याला अपवाद आहेत. बंधपत्र द्यावं लागतं. परत आल्यावर तीन वर्षांच्या आत राजीनामा दिला तर या रजेवर सरकारने केलेला खर्च व्याजासह फेडावा लागतो. निवृत्तीनंतरही गट अ अधिकाऱ्याला पहिल्या वर्षात खासगी व्यावसायिक नोकरी धरायची तर सरकारची परवानगी लागते. शिवाय, कामाशी थेट संबंध नसला तरी अधिकाऱ्याची दृष्टी विस्तारेल अशा शिक्षणाला हेच रजा नियम वाव देतात. म्हणजे हा विचार माझ्या पदरचा नाही. राज्याच्या सेवेत असाल तर १९८१ चे रजा नियम पाहावे लागतील.

यातून अभ्यासक्रम कसा निवडायचा तेही ठरतं. दोन वर्षांचा पूर्णवेळ एमबीए सगळी अध्ययन रजा एकदम खातो आणि मंजुरीही अवघड जाते. एक वर्षाचा कार्यकारी अभ्यासक्रम रजेत बसतो, पण महाग पडतो. नोकरी सांभाळून करायचं तर मुंबईत जमनालाल बजाज संस्थेचे अर्धवेळ अभ्यासक्रम आहेत, नाहीतर इग्नू किंवा यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ. ना-हरकत प्रमाणपत्र प्रवेशाआधी घ्यावं. नंतर मागितलं तर पदवीची सेवापुस्तकात नोंद होताना अडचण येते. विशेषीकरणात मार्केटिंग घेऊ नये. वित्त, खरेदी आणि पुरवठा साखळी, प्रकल्प व्यवस्थापन हे विषय कामाला येतात.

तुमच्या टीकेत एक धार कमी पडली असं मला वाटतं. बंधपत्र अधिकाऱ्याला बांधतं, विभागाला नाही. वित्त शिकून आलेल्या माणसाला परतल्यावर भलत्याच विभागात टाकलं तर विभागाला जाब विचारणारं कोणी नाही. अध्ययन रजा मंजूर करतानाच परतीची नेमणूक महापालिकेचा लेखा विभाग, पाणीपुरवठा किंवा सार्वजनिक-खासगी भागीदारीच्या कक्षात, निदान बंधपत्राच्या मुदतीपुरती, आदेशात लिहिलेली असावी. ही मागणी तुम्ही लावून धरणार असाल तर मी तुमच्याबरोबर आहे.