आयर्विनला किती फूट?

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक हवा. त्यावरून आमच्या घरच्या ग्रुपवर अजूनही अधूनमधून ठिणग्या पडतात. दादाचं ठरलेलं: "आमच्या वेळी कुठं होतं हे? गुरुजींची छडी हाच समुपदेशक." वहिनी मिरजेजवळच्या शाळेत शिकवते. तिचा प्रश्न वेगळा: "माणूस नेमतील हो, पण बसवणार कुठं? ग्रंथालयात, कपाटाच्या आडोशाला?" आणि मी काही बोलले की दोघंही एक होतात. "तुमच्याकडं तिकडं सगळं छानच असणार."

तर तिकडचं सांगते. मी इंग्लंडात लीड्सला राहते. प्रौढ माणसाला इथे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय, स्वतः फॉर्म भरून सरकारी समुपदेशन मागता येतं. ७५ टक्के लोकांना सहा आठवड्यांत आणि ९५ टक्क्यांना अठरा आठवड्यांत सुरुवात करून द्यायची, असं उद्दिष्ट आहे. माझा फोन पाचव्या आठवड्यात वाजला. त्याआधी नऊ प्रश्नांचा कागद आला होता. झोप, भूक, थकवा, कशात मन लागतं का. शेवटचा प्रश्न, मेलेलं बरं असं वाटतं का. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. दहा किंवा त्याच्या वर गेलं की तिथे लक्ष घालतात. माझे १४ आले.

हसू आलं. आम्ही सांगलीचे लोक पावसाळ्यात एकमेकांना नमस्कार करायच्या आधी "आयर्विनला किती फूट?" विचारतो, म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती चढलं. ४० इशारा, ४५ धोका, हे पोरंटोरंही सांगतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा काय झालं हे कुणी सांगायला नको. नदीची पातळी तासातासाला विचारणारे आम्ही, घरातल्या माणसाची मात्र कधी विचारत नाही.

मला वाटलं होतं, पलीकडची बाई आता सांगेल काय करायचं ते. आपल्या शब्दातच 'उपदेश' बसलाय ना, त्यामुळे अपेक्षाही तशीच. तिने सांगितलं, किती वाजता झोपलात आणि दिवसभरात काय काय केलंत ते लिहून ठेवा. एवढंच. मनात म्हटलं, हे तर आमची आजीपण सांगेल. पण वही भरत गेले आणि चौथ्या आठवड्यात दिसलं की रविवार संध्याकाळी सांगलीला फोन झाला की सोमवार वाया जातो. हे मला कुणी सांगितलं असतं तर मी भांडले असते. अर्ध्या अर्ध्या तासाचे सहा फोन झाले, गुण सहावर आले आणि सहावा फोन संपला तशी ओळखही संपली. घरी कोण कोण आहे, जेवलीस का, हे त्या बाईने विचारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तिचं ते काम नव्हतं, हेही मला कळतं.

आईचं नेमकं उलट झालं. पुरानंतर पावसाचा आवाज आला की ती रात्रभर जागी. पुढच्या वर्षी बाबा गेले, मग तिने बोलणंच कमी केलं. दादाने सांगलीतच एका समुपदेशकाकडं नेलं. बरोबर दादा, वहिनी आणि आत्या. पाऊण तासातली तीस मिनिटं दादा बोलला. "आजी, नामस्मरण करा, नातवंडांत रमा," असं सांगून त्यांनी निरोप दिला. बाहेर आल्यावर आई म्हणाली, "एवढं ऐकायला पैसे दिलेस होय रे?"

मग दुसऱ्या ठिकाणी, मिरजेला, आईला घेऊन सगळे गेले, तेव्हा तिथल्या बाईंनी आधी थायरॉइड आणि बी-१२ तपासून आणायला सांगितलं, चालू गोळ्या मागवल्या, कान तपासून घेतला. डाव्या कानाने जवळजवळ ऐकूच येत नव्हतं. चारचौघांत गप्प बसायचं निम्मं कारण तेच. म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत शरीर आधी बघावं लागतं, नाहीतर कानाचं दुखणं मनाच्या खात्यावर जातं. मग त्यांनी बाकीच्यांना बाहेर बसायला सांगितलं. दादाला ते फार लागलं.

लहान मुलांचं आणखी वेगळं. तिथे चित्रं, खेळ, मातीची बाहुली, आणि बरंचसं काम आईबापांबरोबर. पोराला दुरुस्तीला टाकून बाजार करून यायचं, असं होत नाही. माझा भाचा सतरा वर्षांचा, नीटच्या क्लासमध्ये पिचलेला. तो इथे असता तर सोळा वर्षं पूर्ण असल्यामुळे स्वतःच्या सहीने गेला असता. भारतात अठरापर्यंत आईबापांची संमती लागते. तरीही चांगला समुपदेशक पहिल्याच भेटीत दोघांसमोर सांगतो की मुलगा काय बोलला ते मी तुम्हाला सांगणार नाही, जिवाला धोका दिसला तर मात्र सांगेन. हे वाक्य ऐकायला मिळालं नाही, तर मी पोराला तिथे पुन्हा पाठवणार नाही. आणि शिक्षण विचारा. 'समुपदेशक' अशी पाटी इंग्लंडातही कुणीही लावू शकतो. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' म्हणवायला मात्र तिथे आणि इथे, दोन्हीकडे नोंदणी लागते. कुणाकडंच जायची तयारी नसेल तर १४४१६ आहे, टेली-मानस, फुकट, चोवीस तास, मराठीतही.

मी वहिनीच्या बाजूने आहे. सांगलीत माणसं कमी नाहीत, खोली कमी आहे. क्लिनिकबाहेर गाडी दिसली की संध्याकाळपर्यंत विश्रामबागेत "कुणाचं काय झालं?" सुरू होतं. न्यायालय माणूस द्या म्हणतं, पण त्याला दार लागणारी खोली नसेल तर पोरगं तिथे जाऊन गणिताच्या मार्कांबद्दल बोलेल आणि परत येईल.

आईला मी फोनवर विचारलं होतं, "काय बोललीस गं बाईंशी?"

"ते माझं आणि तिचं," आई म्हणाली.

दादा अजूनही तिला दर पंधरा दिवसांनी मिरजेला सोडतो. पण आता आत जात नाही, गाडीतच पेपर वाचत बसतो.