ॲशची फळी आणि माझी लायकी

शनिवारी लाकडाच्या वखारीत मला नकार मिळाला. लग्नाच्या बाजारात दोन-तीन पचवलेत, पण तिथे निदान कांदेपोहे तरी मिळायचे.

कॅलगरीतल्या पाचव्या हिवाळ्यात मी घरच्या घरी स्की बनवायला घेतली. का, ते विचारू नका. बायकोने विचारून झालंय. तळाचं सव्वा मिलिमीटर जाड प्लॅस्टिक आलं (त्याला आगीची झळ दाखवल्याशिवाय इपॉक्सी गोंद धरत नाही), पोलादी कडा आल्या, फायबरग्लासचं कापड आलं, कडांवर घालायची रबराची पातळ पट्टीही आली. उरला मधला गाभा, म्हणजे लाकूड. स्की हे सँडविच धरलं, तर त्यातला बटाटा.

या बटाट्याने माझे तीन आठवडे खाल्ले. पॉलोनिया पिसासारखं हलकं, पण इतकं मऊ की बुटाच्या पकडीचे स्क्रू एखाद्या उतारावर उपटून हातात यायचे. मेपल स्क्रू सोडत नाही, पण ती स्की गाडीच्या टपावर चढवताना माझी कंबर मला सोडेल. शेवटी मधे पॉप्लर आणि दोन्ही बाजूंना ॲशच्या पट्ट्या, असं ठरलं. ॲश लवचिक, धक्के पचवणारं. जुन्या स्की, हॉकीच्या काठ्या, फावड्यांचे दांडे त्याचेच. बाबांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं, तर म्हणाले, "सागवान घे. वाळवी लागत नाही." इथे उणे पंचवीस! सागात तेल असतं, चिकटवलेलं नीट धरत नाही, असं मी म्हटलं. "आपल्या देवघराचं चाळीस वर्षं धरलंय," म्हणाले आणि कॅमेरा देवघराकडे वळवला.

तर वखार. ॲशच्या खणात एकच फळी धड होती. मी ती अर्धी बाहेर ओढली आणि मागून आवाज आला, "काय बनवतोयस?" इंग्रजीत तू-तुम्ही नसतं म्हणतात. या म्हाताऱ्याचं 'यू' शंभर टक्के 'तू' होतं.

कानावर पेन्सिल, चष्मा कपाळावर. मला वाटलं, दुकानातला माणूस. तो गिऱ्हाईक होता, हे मला शेवटी कळलं. त्याने फळी माझ्या हातातून काढून घेतली, एक डोळा मिटून तिच्या कडेवरून बंदुकीसारखा नेम धरला, मग नारळ वाजवून घेतात तशी टिचकी मारून कान लावला. मग हुंगली.

"स्की," मी म्हणालो.

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

त्याने मला डोक्यापासून बुटांपर्यंत पाहिलं. फळीलासुद्धा एवढा वेळ दिला नव्हता. "मूळचा कुठला तू?"

"पुणे. भारत."

"तिकडे बर्फ पडतो?"

बघा, इथे मला खरोखर राग येतो. बर्फाशी संबंधित काहीही घ्यायला जा, फावडं असो की टायर, बिलाआधी जन्मगाव. इथला कुणी बटाटेवडे तळतो म्हणाला, तर मी त्याचा जन्मदाखला मागत नाही. (कदाचित मागेनही. पण मनात.)

"टोकाला जाडी किती ठेवणार?" त्याने परीक्षा चालूच ठेवली.

"दोन मिलिमीटर. मधे अकरा."

उत्तर बरोबर आलं याचं त्याला वाईट वाटलं. मग विषय बदलून तो ॲशवर घसरला. पूर्वेकडची ॲशची झाडं एका हिरव्या किड्याने कशी साफ केली, 2002 साली तो डेट्रॉइटजवळ कसा सापडला, सालीखाली अळ्या कशा नागमोडी बोगदे कोरतात, हे सगळं बोटाने हवेत काढून दाखवलं. माहिती चोख होती, तेच जास्त झोंबलं. शेवटी म्हणाला, "आशियातून आला," आणि थांबून माझ्याकडे पाहिलं. जणू लोणच्याच्या बरण्यांबरोबर मीच बॅगेतून आणला होता.

"पहिलीच जोडी ना? पाइन घे. मोडली तरी वाईट वाटणार नाही."

मला हॉवर्ड हेड आठवला. विमानाच्या कारखान्यातला इंजिनियर, 1947 मध्ये पहिल्यांदा स्की करायला गेला, आणि लाकडी स्कीला वैतागून ॲल्युमिनियमची बनवायला बसला. कितीतरी जोड्या मोडल्या, तेव्हा कुठे 1950 मध्ये त्याची कंपनी निघाली. हे सगळं मी त्याला ठणकावून सांगणार होतो. तोंडातून निघालं, "थँक यू."

पॉप्लर घेऊन मी गल्ल्याशी आलो, तर म्हातारा पुढे उभा. खांद्यावर माझी फळी.

"फावड्याचा दांडा मोडलाय," तो म्हणाला.

एका दांड्यासाठी आठ फूट!

बाहेर त्याचा पिकअप होता. "ते टोक धर जरा," त्याने हुकूम सोडला. आणि मी धरलं. वर फळीच्या शेपटाला लाल फडकंही बांधून दिलं, गाठ नीट आवळून. तेवढ्यात जवळून पाहून घेतली. एक गाठ नाही कुठे. रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ, तेल लावून विंचरल्यासारख्या.