पिवळ्या ज्योतीने मिठातली भेसळ कळत नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर एक निरोप फिरतो: चिमूटभर मीठ गॅसच्या ज्योतीवर टाका, ज्योत पिवळी झाली तर मिठात रसायन आहे, अस्सल शेंदेलोण असेल तर ती निळीच राहते. हे साफ चूक आहे.

पिवळा रंग मिठाचाच आहे. मीठ म्हणजे सोडिअम क्लोराइड. ज्योतीत तापलेला सोडिअम सुमारे 589 नॅनोमीटर तरंगलांबीचा पिवळा प्रकाश देतो. ज्योत पिवळी झाली, म्हणजे टाकलेल्या वस्तूत सोडिअम आहे, इतकेच कळले.

शेंदेलोणही बहुतांशी सोडिअम क्लोराइडच. आख्खा खडा धरला तर तो लवकर तापत नाही, रंग उशिरा येतो. दोन्हींची सारखी बारीक पूड करून टाका, फरक दिसणार नाही.

निरोपात पुढे म्हटले आहे की या रंगावरून मिठातले पोटॅशिअम फेरोसायनाइड ओळखता येते. गुठळ्या होऊ नयेत म्हणून ते अत्यल्प घालतात, हे खरे. पण पोटॅशिअमची ज्योत फिकट जांभळी असते आणि सोडिअमच्या पिवळ्यात ती पार लपते. म्हणून तर शाळेत ती कोबाल्टच्या निळ्या काचेतून पाहायला सांगतात. ती काच पिवळा प्रकाश अडवते. मिठातल्या इतक्या थोड्या पोटॅशिअमसाठी तीही पुरणार नाही. सोडिअम मात्र कणभरही पुरतो. प्रयोगशाळेत क्षार नायक्रोम या मिश्रधातूच्या तारेवर घेऊन ज्योतीत धरतात; त्या तारेला नुसते बोट लागले तरी घामातल्या मिठाने ज्योत पिवळी होते, म्हणून आधी तार हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून पुन्हा पुन्हा तापवायची, रंग उमटेनासा होईपर्यंत. ही पायरी गाळली की मुलांना प्रत्येक क्षारात सोडिअम ‘सापडतो’. स्वयंपाकघरातल्या बर्नरवर तर ती पाळताच येत नाही.

शिवाय धन आयन, म्हणजे क्षारातला धातूचा भाग, एकट्या ज्योतीवरून ठरवत नाहीत. द्रावणात सोडिअम हायड्रॉक्साइड घालून अवक्षेप, म्हणजे न विरघळता वेगळा होणारा साका, पाहतात: तांब्याचा निळा, फेरिक लोहाचा तांबूस तपकिरी. अ‍ॅल्युमिनिअम आणि कॅल्शिअम दोघांचाही पांढरा, पण हायड्रॉक्साइड जास्त घातले की अ‍ॅल्युमिनिअमचा विरघळतो.

मला काळजी वाटते ती रक्तदाबाच्या रुग्णांची. शेंदेलोणात ‘रसायन नाही’ हे वाचून कुणी हात सैल सोडला, तर पोटात सोडिअमच जास्त जाणार. आणि घरात फक्त शेंदेलोणच वापरत असाल, तर ते आयोडीनयुक्त आहे का, हे पाकिटावर वाचा. ज्योत तेही सांगत नाही.