काल तर चालू होतं की!

अपग्रेडला मुहूर्त लागतो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ तर ५ ऑक्टोबर २०२१ लाच आलं होतं. म्हणजे तुमच्या हातात चार वर्षं होती. एखाद्या रविवारी, दुकान बंद असताना, निवांत हे काम उरकता आलं असतं. तसं अजिबात करू नका. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे ऐन भरात आलेत, दारात पोत्यांची थप्पी लागलीय, बाकावर वाळव्याकडचे दोन शेतकरी पट्टीची, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या कागदाची, वाट बघत बसलेत आणि दिवाणजी चहाला गेलेत, अशी वेळ साधा. पडद्यावर खिडकी आली की तिच्यावर काय लिहिलंय ते न वाचता निळं बटण दाबा. पुढे कुणी विचारलंच तर "मी काय बी केलं न्हाई, आपोआप झालं" हे वाक्य आजच पाठ करून ठेवा.

बॅकअप घ्यायचाच असेल तर त्याच कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हवर घ्या. सी आणि डी हे बहुतेक वेळा एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात, असं कुणी शहाणा सांगायला आला तर त्याच्याशी हरिपूरच्या पेवांबद्दल बोला. नदीकाठच्या त्या मातीत पेव खणून हळद वर्षानुवर्षं ठेवत आले; कीड नाही, गोदामाचं छप्पर नाही. मग २००५ चा पूर आला, पाणी पेवांत शिरलं आणि सगळा माल एकाच जमिनीखाली ठेवण्याचा अर्थ कळला. पण ती हळद होती. तुमची एक्सेलची फाईल थोडीच भिजणार आहे?

सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात विंडोज १० चं एक मोठं अपडेट आलं आणि काही लोकांच्या डॉक्युमेंट फोल्डरातल्या फायलीच पुसून गेलं. बनवणाऱ्यांना ते वाटप थांबवावं लागलं. हे लक्षात ठेवायची गरज नाही. असल्या गोष्टी दुसऱ्यांच्या बाबतीत घडतात.

पडद्यावर अपग्रेडचे टक्के चढायला लागले की मात्र सांगलीकराला काही शिकवावं लागत नाही. आयर्विन पुलाजवळ पाणी किती, हे दर तासाला विचारायची सवय आपल्या हाडीमाशी मुरलीय. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका, आणि २०१९ च्या ऑगस्टात तर सत्तावन्नच्याही वर. तसंच इथं करायचं. "किती झालं?" "तीस." "अजून तीसच?" मग सत्तरला काटा अडकला की थांबू नका, भिंतीवरचं बटण बंद करून परत चालू करा. त्या वेळी मशीन आतल्या आत ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटरसारख्या जोडलेल्या यंत्रांशी बोलणारे छोटे प्रोग्रॅम, बसवत असतं, म्हणजे व्यत्यय आणायला याहून चांगली घटका नाही. नशीब बरं असेल तर ते मुकाट्यानं जुन्या आवृत्तीवर परत येईल आणि तुम्हाला पहिल्यापासून सगळं बघायला मिळेल.

समजा, नाही अडकलं. नवीन पडदा आला. स्टार्टचं बटण डाव्या कोपऱ्यातून उठून मधे येऊन बसलंय. सेटिंगमध्ये जाऊन ते डावीकडे नेता येतं, पण त्यापेक्षा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला बोलावून दाखवावं. पाऊण तास बरा जातो.

आता प्रिंटर. इथं जरा बसून बोलू, कारण अपग्रेडनंतर आधी तोंड फिरवतो तो हाच.

तुमचा प्रिंटर डॉट मॅट्रिक्स, खर्रखर्र करणारा, कडेला भोकांचा तीन प्रतींचा कागद ओढणारा. दुकानात तोच सगळ्यात जुना आणि सगळ्यात कामाचा कर्मचारी. अपग्रेडनंतर यादीत त्याच्या नावाचे दोन प्रिंटर दिसतात, एक नुसता आणि एक नावापुढे 'कॉपी १' लावलेला. केबल तीच, खोका तोच, पण नव्या विंडोजनं त्याला नवं पोर्ट (म्हणजे जोडणीचं दार) देऊन नवा माणूस समजून नोंदवलंय, आणि तुमचं हिशेबाचं सॉफ्टवेअर अजून जुन्यालाच हाका मारतंय. योग्य पोर्टावर खूण केली की दोन मिनिटांत काम होतं. ड्रायव्हरच मिळत नसेल तर विंडोजमध्येच 'जेनेरिक टेक्स्ट ओन्ली' नावाचा साधा ड्रायव्हर असतो, नुसती अक्षरं उमटवायला तो पुरतो. तेव्हा यातलं काहीही करू नका. प्रिंटचं बटण दाबा. आलं नाही? परत दाबा. अजून जोरात दाबा.

आत स्पूलर नावाची, छापायची कामं रांगेत लावणारी एक सेवा असते. ती आपल्या यार्डातल्या हमालासारखी. सांगितलेलं प्रत्येक पोतं पाठीवर घ्यायचं आणि रांगेत उभं राहायचं. गोदामाचं दार बंद असलं म्हणून हमाल पोतं रस्त्यात टाकून जात नाही, दार उघडेपर्यंत उभा राहतो. तुम्ही सत्तावीस वेळा बटण दाबलंत तर सत्तावीस पोती रांगेत आहेत. सेवा थांबवायची, रांग रिकामी करायची, सेवा परत चालू करायची, हा झाला भित्र्या माणसाचा मार्ग.

तेवढ्यात चहा पिऊन दिवाणजी येतात आणि त्यांचं मशीन रडायला लागतं. याची खरी गंमत अशी की त्यांच्या मशीनला कुणी हातच लावलेला नाही. त्यावर अजून विंडोज ७ आहे. त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपला, पण दिवाणजींचा त्याला अजून आहे. आजवर ते गल्ल्यावरच्या मशीनला जोडलेल्या प्रिंटरवर पट्ट्या काढायचे. आता त्यांच्या पडद्यावर एक मेसेज आलाय. तो वाचू नका. मोबाईलनं त्याचा फोटो काढा, हात हलेल असा, ट्यूबलाइटचा उजेड बरोबर आकड्यावर पडेल असा, आणि भाच्याला पाठवा. भाचा हिंजवडीत आहे. त्याचा प्रिंटरशी आलेला शेवटचा संबंध म्हणजे बारावीचं हॉल तिकीट. तरी तो मन लावून विचारतो, "मामा, एरर कोड काय हाय त्यो सांगा की."

"शून्य. मग फुली. मग लय शून्यं हायत बघ. शेवटी अकरा आन् बी."

भाच्याला वाटतं, मामा फुली-गोळा खेळायला लागले. पण अकरा आणि बी म्हणजे एकदम ठरलेला आजार आहे. २०२१ च्या सप्टेंबरातल्या सुरक्षा पॅचपासून ज्या मशीनला प्रिंटर जोडलाय ते दुसऱ्या मशीनकडून ओळख पटवून, कुलूपबंद संभाषण मागतं, आणि जुनं मशीन नेहमीसारखं उघड्या अंगणातूनच हाक मारत येतं. उलट बाजूनंही तसंच. गल्ल्यावरून दिवाणजींच्या मशीनवरचा खातेवहीचा फोल्डर उघडायला जावं तर नवं विंडोज नाही म्हणतं, कारण त्या फोल्डराला पासवर्डच नव्हता. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून, 'प्रो' प्रकारचं विंडोज असेल तर, बिनपासवर्डचा पाहुणचार बंद. पंधरा वर्षं आपण दार सताड उघडं ठेवून झोपलो, हे सांगायला कुणी तरी आलंय. (मला विचाराल तर विंडोजचं इथं चुकलेलं नाही. पण हे उपदेशाच्या लेखात लिहिणं शोभत नाही.) तुम्ही मात्र दिवाणजींच्या खोलीतलं राउटर बदला. मग केबल बदला. मग दोन्ही अँटीव्हायरस काढा. मग फायरवॉल बंद करा. हे सगळं एकाच वेळी करा, म्हणजे चुकून चालू झालंच तर कशानं झालं हे कुणालाही, तुम्हालाही, कधीच कळणार नाही.

मराठी टायपिंगचंही उरकून घेऊ. दुकानाच्या वर्धापनदिनाचं निमंत्रण उघडावं तर त्यात इंग्रजी अक्षरं, डॉलर, कंस आणि अर्धविराम यांची मिसळ. लगेच व्हायरस आला असं जाहीर करा. खरं तर तुमच्या त्या फाईलमध्ये मराठी कधी नव्हतीच. जुन्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांवर मराठी मुखवटे चढवलेले असतात. फॉन्ट गेला की मुखवटा गळतो. सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना ठरलेले आकडे देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली तेव्हापासून देवनागरी अक्षरांना स्वतःचे आकडे आहेत, आणि ती अक्षरं टाइप करायचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड तर विंडोजमध्ये बसूनच येतो. पण तो शिकायला आठवडा लागतो, आणि आपल्याला तर फक्त पस्तीस वर्षं मिळाली.

शेवटचा आणि खास माझा सल्ला. अपग्रेडनंतर दहा दिवस विंडोज तुमची जुनी आवृत्ती एका फोल्डरात जपून ठेवतं. सेटिंगमधून 'परत जा' म्हटलं की ती मिळते. हे दहा दिवस भाच्याची वाट बघण्यात घालवा. तो पाडव्याला येणार म्हणालाय. त्यातूनही तिसऱ्या-चौथ्या दिवशी 'जागा कमी आहे' असा मेसेज आलाच, तर डिस्कची साफसफाई काढा आणि सगळ्यात जड दिसेल त्यावर खूण करून ते पुसून टाका. ते वीसेक जीबीचं जड म्हणजेच तुमचा परतीचा रस्ता. जागा किती मोकळी झाली म्हणून दिवाणजींना बोलावून दाखवा.

एवढं सगळं पार पडल्यावर भाचा येतो. हातात भडंगाचा पुडा, तोंडानं "काय दाबलासा मामा तुम्ही?" खुर्चीवर बसून तो दोन खिडक्या उघडतो, पोर्टावरची खूण बदलतो आणि ओके म्हणतो. काय केलंस ते विचारू नका. वहीत तर मुळीच लिहून ठेवू नका. पुढच्या अपग्रेडला त्याला परत बोलावण्याचं निमित्त उरायला हवं.

खर्रखर्र सुरू होतं. एक पट्टी येते, मग दुसरी. सात बाहेर पडल्यावर भाचा हसायचा थांबतो. सोळाव्या पट्टीला कागद संपतो, दिवाणजी नवा गठ्ठा लावतात, खर्रखर्र पुढे चालू. वाळव्याचे ते शेतकरी दुसऱ्या पोत्यांसाठी आज परत आलेले असतात. त्यांच्यातले एक उठून गल्ल्यापाशी येतात, चष्मा वर करून पहिली पट्टी बघतात, मग दुसरी, मग तिसरी. तीच तारीख, तीच पोती, तीच हमाली, तीच तोलाई. गठ्ठा नीट जुळवून ते तुमच्या पुढ्यात ठेवतात.

"मालक," ते म्हणतात, "पैसं बी सत्तावीस डाव देणार न्हवं?"