प्रार्थना हवीच, पण डबा पण न्या

आमच्या कोल्हापूरच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या ग्रुपवर गेल्या महिन्यात जो वाद सुरू झाला तो अजून मिटलेला नाही. चर्च कमिटीतल्या एका वडिलांनी (एल्डरनी) व्हॉइस मेसेज टाकला, की खऱ्या विश्वासणाऱ्याला डिप्रेशन येऊच शकत नाही, येत असेल तर प्रार्थना कमी पडतीय, आणि मनाच्या गोळ्या खाणं म्हणजे देवावर अविश्वास दाखवणं. त्यावर तरुण संघातली पोरं चिडली आणि पार दुसऱ्या टोकाला गेली, की हे डॉक्टरांचं काम आहे, चर्चनं यात पडूच नये, पाळकसाहेबांनी उपासना घ्यावी, बास. मी इथे इंग्लंडात लीड्सला असते, हॉस्पिटलात नर्स आहे, नाइट संपवून घरी आल्यावर ते सगळं वाचलं आणि मला दोघांचंही पटलं नाही.

कमिटीतल्या त्या वडिलांचा मला राग नाही, माझ्या आजीच्या शेवटच्या आजारपणात त्यांनी उशाशी बसून रात्री काढल्यात. पण त्यांचं म्हणणं आपल्याच इतिहासाशी जुळत नाही. अमेरिकन मिशनरी वायल्डरसाहेब १८५२ ला कोल्हापुरात आले, त्यांच्यामागून मिशनच्या शाळा आल्या, दवाखाने आले. मिशनचे वॉन्लेस डॉक्टर १८८९ ला भारतात आले आणि १८९४ मध्ये मिरजेचं हॉस्पिटल सुरू झालं. मी नर्सिंग मिरजेलाच शिकले. सकाळची प्रार्थना झाली की लगेच वॉर्डात, ड्रेसिंग, इंजेक्शन, ऑपरेशनची तयारी. प्रार्थना केलीय तर आता भूल कशाला, असं तिथे कुणाच्या मनातसुद्धा आलं नसतं. मग पोटाला चालणारा डॉक्टर मनाला का चालत नाही?

आणि एलीयाची गोष्ट तर आपण संडेस्कूलपासून ऐकतो, बायबलात १ राजे, अध्याय १९. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला संदेष्टा, आणि लगेच पुढच्या अध्यायात रानात झुडपाखाली बसून म्हणतो की पुरे झालं देवा, आता माझा जीव घे. देवदूत येऊन त्याला तुझा विश्वास कमी पडला असं म्हणत नाही. त्याला उठवतो, भाकर आणि पाणी देतो, परत झोपू देतो, परत खायला घालतो, कारण पुढची वाट लांबची आहे. देव त्याला प्रश्न विचारतो ते त्यानंतर. ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी आनंदाची एक ओळसुद्धा नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहेच की.

आता जे मला खरं सांगायचंय ते. आमच्या गल्लीतल्या एका काकांची बायपास झाली तेव्हा भगिनी मंडळाने वार लावून घेतले होते, सोमवारी कोण, मंगळवारी कोण, बिनतेलाची भाजी, फुलके, मुगाची आमटी, आणि डबा देणारीनं जरा वेळ बसून एक स्तोत्र वाचायचं. पोरं शाळेतनं आली की शेजारच्या मावशींकडे. मी इतकी वर्षं पेशंट डिस्चार्ज करतेय, पण घरी गेलेल्या माणसाची अशी काळजी मी इथे कुठेच बघितली नाही. आणि त्याच गल्लीतली, त्याच मंडळीतली एक ताई बाळंतपणानंतर आजारी पडली, झोप नाही, जेवण नाही, बाळाला जवळ घेईना, शेवटी मानसोपचाराच्या वॉर्डात ठेवावं लागलं. ती घरी आली तेव्हा एकही डबा गेला नाही. बायका वाईट नव्हत्या, त्याच तर बायका, पण तिथे जाऊन बोलायचं काय हे कळत नव्हतं, काहींना भीती वाटत होती, आणि ज्या दोघी गेल्या त्या उपवास-प्रार्थनेची तारीख ठरवायला गेल्या, ज्या बाईला चार घास जात नव्हते तिच्यासमोर. तिची सासू मला फोनवर म्हणाली, "अगं, हार्टचं असतं तर सगळी आली असती बघ."

म्हणजे येणारी माणसं आपल्याकडे आहेत, वार लावायची सवय आहे, डबे आहेत. फक्त आजाराचं नाव बदललं की आपले पाय थांबतात.

दुसरी एक गोष्ट, जी मला फार खुपते, ती म्हणजे प्रार्थना-विनंती. कुणीतरी विश्वासानं पाळकसाहेबांना नाहीतर एखाद्या आत्यांना मनातलं सांगतं, आणि संध्याकाळपर्यंत ग्रुपवर मेसेज, "अमक्यांच्या मुलीसाठी प्रार्थना करा, तिला मानसिक त्रास आहे", नाव, घर, सगळं. तिथून तो मेसेज गडहिंग्लज, सांगली, पुण्याच्या पाहुण्यांपर्यंत जातो आणि त्या मुलीच्या लग्नाच्या वेळी परत वर येतो. पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण ती मुलगी परत कधीच कुणाला काही सांगणार नाही, आणि न सांगण्यातच जीव जातात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात पेशंटला आपली माहिती गुप्त राहण्याचा हक्क दिलाय, डॉक्टर-दवाखान्यांवर तो बंधनकारक आहे. चर्चमध्ये कायदा दाखवायची वेळ का यावी, नाव न घेता पण प्रार्थना होते, देवाला पत्ता सांगावा लागत नाही.

इथलं सांगते. माझ्या घराजवळच्या चर्चच्या हॉलमध्ये बुधवारी सकाळी दार उघडं असतं. दोन-तीन टेबलं, एकावर लोकरीचं विणकाम, एकावर जिगसॉ, चहा-बिस्किटं. बाजूला एक शांत खोली, ठरलेल्या वेळी तिथे छोटी प्रार्थना होते, ज्याला जायचं तो जातो, बाकीचे चहा पीत बसतात, कुणी हाताला धरून नेत नाही. तुम्हाला काय झालंय असं कुणी विचारत नाही. तिथे एक रिटायर्ड बस ड्रायव्हर यायचे, कितीतरी आठवडे ते कुणाशी बोलले नाहीत, फक्त जिगसॉचे कडेचे तुकडे शोधून लावायचे. लागोपाठ दोन बुधवार ते आले नाहीत तेव्हा चहा करणाऱ्या आजींच्या ते लक्षात आलं, त्या त्यांच्या दारापर्यंत गेल्या. त्यांनी गोळ्या बंद केल्या होत्या आणि पडदे लावून बसून होते. आजींनी ना उपदेश केला ना औषध सांगितलं, त्यांच्याबरोबर बसून डॉक्टरला फोन लावला. मला यात मंडळीचं काम पूर्ण दिसतं. कोण आलं नाही हे लक्षात येणं, दारापर्यंत जाणं आणि डॉक्टरपर्यंत सोबत करणं.

याची मुळं इथे जुनी आहेत. चॅड वारा नावाच्या अँग्लिकन पाळकांनी १९५३ मध्ये लंडनच्या सेंट स्टीफन वॉलब्रूक चर्चमधून, जीव द्यायचे विचार येणाऱ्यांसाठी फोन सुरू केला, तीच समॅरिटन्स संस्था. १९३५ साली तरुणपणी त्यांनी एका चौदा वर्षांच्या मुलीचा दफनविधी केला होता, तिला पाळी आली आणि आपल्याला गुप्तरोग झाला असं वाटून तिनं जीव दिला होता, विचारायला कुणी नव्हतं. फोन सुरू झाल्यावर त्यांच्या असं लक्षात आलं की भेटायला आलेली बरीच माणसं बाहेर चहा देणाऱ्या स्वयंसेवकांशी बोलूनच हलकी होतात. त्या काळी इथे आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा होता, कायदा बदलला १९६१ ला, म्हणजे पाळक कायद्यासाठी थांबले नाहीत. आणि एक नियम पहिल्यापासून पक्का, फोनवरच्या माणसाला धर्म सांगायचा नाही.

हा नियम मला आपल्याकडे सगळ्यात जास्त लागू वाटतो. महाराष्ट्रात चंगाई सभा, म्हणजे आजार बरे व्हावेत म्हणून प्रार्थनेची सभा, म्हटलं की धर्मांतराचा आरोप लगेच येतो, आणि त्या भीतीने चांगलं काम करणारे पण मागे सरतात. आपण मदत करताना समोरच्याचा धर्म विचारला नाही, बदल्यात साक्ष मागितली नाही, रविवारी ये असं म्हटलं नाही, तर आपण निर्भयपणे काम करू शकतो, आणि प्रभूनं पण बऱ्या झालेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी आभार मानायला परत न आलेल्या नऊंचं बरेपण काढून घेतलं नव्हतं. भूत काढतो म्हणून मारणं, कोंडणं, साखळी लावणं याला तर कुठल्याच धर्मात माफी नको. दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ ला जादूटोणाविरोधी कायदा आला, तो आपल्यालाही तितकाच लागू आहे.

पण इथलं सगळं छान आहे असं कुणी समजू नये. थेरपीसाठी लोक महिनोन् महिने थांबतात. माझ्या वॉर्डात अशी माणसं येतात की पुढचा नातेवाईक कोण या रकान्यात लिहायला नावच नसतं. कितीतरी चर्चमध्ये रविवारी मोजकी म्हातारी माणसं असतात. मला स्वतःला इथल्या पहिल्या हिवाळ्यात चार वाजता अंधार पडायचा तेव्हा जो एकटेपणा यायचा, तो कोल्हापुरात ठरवून पण मिळाला नसता, तिथे दार लावलं तरी कुणीतरी हाक मारतंच.

म्हणूनच तरुण संघाचं पण मला पटत नाही. चर्चनं यात पडू नये म्हणता, पण आधी पाळकसाहेबांकडेच येतात ना लोक? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत दिसलं की वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नाहीत. सरकारची मनोरुग्णालयं अख्ख्या राज्यात चार, येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. चंदगडकडच्या माणसाला कोल्हापुरात सीपीआरला, म्हणजे सरकारी हॉस्पिटलात दाखवायचं तर दिवस मोडतो, मजुरी बुडते. आणि अमेरिकेत सुमारे ९० हजार नर्सेसचा अभ्यास २०१६ मध्ये छापून आला, त्यात आठवड्याला उपासनेला जाणाऱ्या बायकांमध्ये आत्महत्येचं प्रमाण कधीच न जाणाऱ्यांपेक्षा साधारण पाच पटीने कमी होतं. त्यावरनं उपासना हेच औषध असं म्हणता येणार नाही, पण एकत्र येण्यात काहीतरी आहे जे डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळत नाही.

पाळकसाहेबांना मी वेगळं लिहिलंय, इथे सगळ्यांसाठी परत लिहिते. ग्रुपवर आजाऱ्याचं नाव बंद. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, तो उपासनेच्या पत्रकावर कायमचा छापा. सीपीआरच्या मानसोपचार ओपीडीला सोबत जायला तयार असलेल्या दोघीतिघींची नावं भगिनी मंडळाने काढावीत, रिक्षाचा खर्च दानातून. आणि त्या ताईकडे अजूनही कुणी गेलेलं नाही. बाळ आता रांगतंय असं तिची सासू सांगत होती. या आठवड्यापासून वार लावा, बुधवारचा डबा माझ्या आईकडून, मी तिच्याशी बोललेय.