१९९४ आधी लग्न झालं म्हणून आत्याचा हिस्सा बुडतो?

खानापूरच्या आत्याला भावकीतल्याच एकाने मेसेज धाडलाय: 'कर्नाटकात ३० जुलै १९९४ आधी लग्न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित जमिनीत हिस्सा नाही. वडील २००५ आधी वारले असतील तर कुठल्याच मुलीला नाही. लग्नात दिलं तोच वाटा. आणि आपण मराठी, आपल्याला महाराष्ट्राचा कायदा.' खाली सल्ला: हक्कसोडपत्र देऊन टाका, माहेर तुटायला नको.

शेवटचं आधी घेते, कारण डोकं त्यानेच फिरलं. वारसाहक्क मातृभाषा विचारून ठरत नाही. आणि महाराष्ट्राचा कायदा लावला तरी हाती काय येणार? महाराष्ट्राने हिंदू वारसा कायद्यात १९९४ला केलेल्या दुरुस्तीतही २२ जूनच्या आधी लग्न झालेल्या मुली वगळलेल्याच होत्या! वाटणीत सीमाप्रश्न घुसडणाऱ्याने निदान पलीकडचा कायदा तरी वाचायचा होता.

३० जुलैची तारीख खरी आहे, नाही म्हणत नाही. कर्नाटकाने मुलींना जन्मतः हक्क दिला आणि त्याच कलमात आधी लग्न झालेल्यांना दाराबाहेर ठेवलं. पण ९ सप्टेंबर २००५ला त्याच कायद्यात केंद्राची दुरुस्ती लागू झाली. तिच्यात लग्नाची अट नाही.

वडिलांच्या मृत्यूचं पिल्लू तर आपल्याच बेळगावच्या कोर्टातून निघालं. १९९२ साली एका मुलीने तिथे वाटणीचा दावा लावला. वडील १९८८ला वारलेले. 'प्रकाश विरुद्ध फुलवती' म्हणून तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०१५ला निकाल लागला की २००५च्या त्या दिवशी वडील हयात हवेत. मेसेजवाल्याचं वाचन तिथेच संपलं. ११ ऑगस्ट २०२०ला विनीता शर्मा खटल्यात तीन न्यायमूर्तींनी तो निकाल रद्द ठरवला. हक्क जन्माने येतो, वडील तेव्हा हयात असण्याची गरज नाही. 'आमची तोंडी वाटणी कधीच झालीय' ही सबबही सहसा चालणार नाही, हे त्याच निकालात आहे.

२० डिसेंबर २००४ आधी नोंदणीकृत वाटणीपत्र किंवा कोर्टाचा हुकूमनामा झाला असेल, तर मात्र तो उकरता येत नाही.

लग्नात दिलं म्हणजे हुंडाच ना? तो १९६१पासून गुन्हा आहे. वाटा म्हणून दाखवायचाच असेल तर खुशाल दाखवा, लेखी.

आत्याकडे हक्कसोडपत्राचा मसुदाही आलाय. मोबदल्यापुढे 'प्रेमापोटी', आणि सर्व्हे नंबरांची जागा कोरी. नोंदणी झाली की मागे फिरणं महाकठीण. तेव्हा आत्या, आधी सगळ्या जमिनींचे उतारे काढ, वारसा नोंदीत तुझं नाव आहे का बघ. तोवर सही करू नकोस.